हकीकत खो-खोच्या बत्तीस चित्रांची आणि त्यांतल्या एकोणिसाव्याची

श्री. जो विघ्न हरतो त्यास नमन, जी वाचा देते तीस नमन, आणि मैदानाच्या दोही टोकांस उभे राहून ज्यांनी कैक पोरींचे कोपर व गुडघे सोलले, त्या लाकडी खांबांसही नमन. स्वामींनी पुसिले की, क्रिकेटवाल्यांची जुनी चित्रे लोक काचेत मढवून ठेवतात, मग खो-खोची चित्रे कोठे गेली, आणि त्यांचे नाव निघताच दिगंबरराजे गप्प का होतात? त्याची हकीकत जैसी ऐकिली तैसी लिहिली असे. पदरचे घातले ते थोडके, गाळले ते त्याहून थोडके.

शके अठराशे अठ्ठ्याण्णव, नलनाम संवत्सर, श्रावण मास. नदीकाठी एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याची मर्जी नाही. दोन खोल्या, एक मोरी आणि मागले दारी पेरूचे झाड, एवढा मुलूख. त्यावर आबासाहेब राज्य करीत. कचेरीत त्यांस सर्वांचे ऐकावे लागे, सबब घरी ते कोणाचे ऐकत नसत. त्यांस अपत्ये दोन. थोरल्या आक्कासाहेब हेमलता, वय वर्षे वीस, जिल्ह्याच्या खो-खोच्या संघात खेळत आणि धावू लागल्या म्हणजे वाऱ्याने वाट द्यावी ऐशा. धाकटे दिगंबरराजे, वय वर्षे अकरा, ते धावत नसत, ते गोळा करीत. त्या प्रांती एका गोळीवाल्या कारखानदाराने लिंबाच्या गोळ्यांच्या पुडीत एकेक क्रिकेटवाल्याचे रंगीत चित्र घालण्याची युक्ती काढिली होती, आणि ऐसी चित्रे एकंदर चाळीस, आणि राजांनी दात किडवून घेऊन एकोणचाळीस हस्तगत केली होती, आणि उरले एक, यष्टिरक्षकाचे, ते काही केल्या पुडीतून निघेना. अन्न गोड लागेना.

मग ऐसे जाहले की कारखानदाराचे क्रिकेटचे ठसे झिजले आणि नव्यांची परवानगी लांबली, आणि पुड्या तर बाजारी पाठवणे भाग. मग त्याच्या मनी आले की जिल्ह्यात खो-खोचे सामने चालू आहेत, पोरी आपल्याच मुलखातल्या, एकेक डबा गोळ्या दिल्या म्हणजे खूश होतील. तैसेच केले. चित्रे काढावयास जो सरदार नेमिला तो लग्नाचे फोटो काढणारा. माणसे ओळीत बसवावी आणि 'हसा' म्हणावे, ही त्याची विद्या. आणि येथे पोरी थांबतच नाहीत. बिचारा कॅमेरा घेऊन रेषेबाहेर धावला, पडला, उठला, आणि जे साधले ते साधले. कोणाची वेणी तोंडावर आलेली, कोणाचे अर्धे मस्तक चौकटीबाहेर, एकीच्या तर नुसत्या दोन टाचा आणि मागे तोंड उघडे टाकून पाहणारा पाणीवाला. त्यावर छापणाऱ्याने तांबडा रंग निळ्यावरून केसभर सरकवून छापिला, त्यामुळे प्रत्येकीस दोन कडा आल्या, जणू एक पोरगी चौकोनात बसली आहे आणि तीच आत्ता उठली आहे. क्रिकेटवाले आपल्या चित्रांत बॅट टेकवून नवरदेवासारखे उभे होते. ही बत्तीस चित्रे कोणासाठी उभी राहिलीच नव्हती. ऐसा ऐवज पुन्हा कोणी छापिला नाही. परंतु हे आता कळते. तेसमयी पेठेत पुडी फोडून आत खो-खो निघाले म्हणजे पोरे कपाळास हात लावीत. "हॅट्, परत बाई निघाली!" म्हणत, आणि दहा खो-खोंस एक क्रिकेट ऐसा भाव पडला, आणि पुढे तोही कोणी देईना. मग पोरांनी कपड्याच्या चिमट्यांनी ती चित्रे सायकलींच्या तारांत अडकविली, म्हणजे चाक फिरता फटफटीसारखा आवाज निघे. बत्तिसांची पलटण ऐसी चाकांत कामी आली. पाठीमागे बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, ते कोणी वाचिले नाही.

आक्कासाहेबांचे चित्र एकोणिसावे. ते बाजारी आले तेव्हा त्या सरावास परगावी होत्या. आणि त्याच सुमारास त्यांच्या लग्नाची बोलणी लागली होती. एके सायंकाळी आबासाहेब कचेरीतून आले, खिशातून चित्र काढिले, पुढून पाहिले, मागून वाचिले, आणि पुन्हा खिशात घातले. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसरे दिवशी दिगंबरराजांस हुजूर बोलाविले.

"दिगू, ते एकोणीस नंबर गावात जेवढे असतील तेवढे गोळा करायचे. एक राहता कामा नये."

"पण का, आबा?"

"का म्हणून विचारतोस? रविवारी पाहुणे येतायत. पोरगी अर्ध्या चड्डीत गोळीच्या पुडीतून गावभर हिंडतेय, हे त्यांनी बघायला पाहिजे का?"

मग राजे मोहिमेवर निघाले, आणि चाकांच्या तारांतून काढिली, कंपासपेट्यांतून काढिली, एक तर गोठ्यात भिंतीस डकविलेले खरवडून आणिले. आणि बोभाटा जाहला की दिग्या एकोणीस गोळा करतो, म्हणजे त्यात काहीतरी असले पाहिजे. मग जो भाव दहास एक होता तो एकास एक जाहला. खो-खोचे चित्र क्रिकेटच्या बरोबरीने उभे राहिले ऐसा प्रसंग त्या राज्याच्या इतिहासात तेवढाच, आणि तोही जाळण्यासाठी. सेहेचाळीस चित्रे जमली आणि बंबात गेली आणि त्यांवर आबासाहेबांचे आंघोळीचे पाणी तापले. सत्तेचाळिसावे हाती असता आक्कासाहेब परगावाहून आल्या. त्यांनी भावास मोरीपाशी गाठिले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "दिग्या, एक तेवढं ठेव रे माझ्यासाठी. मी अजून बघितलंसुद्धा नाही. आत्ता नको, आबा बघतील. पाहुणे गेले की दे." राजांनी गळ्याची शपथ वाहिली आणि चित्र भूगोलाच्या पुस्तकात, वाळवंटांच्या धड्यात लपविले. तेथे ते तीन दिवस होते. चौथे दिवशी वरल्या पेठेचा शिरीष आला. त्यास एकोणीस पाहिजे होते, कारण सर्वांस पाहिजे होते. आणि त्याच्या खिशात यष्टिरक्षक होता.

पुढे काय जाहले ते लिहिण्यास कठीण, परंतु करण्यास फार वेळ लागला नाही. पाहुणे गेले, आक्कासाहेबांनी हात पुढे केला, आणि राजे म्हणाले, "आबांनी पाहिलं ते. जाळलं." आक्कासाहेबांनी हात मागे घेतला आणि परकराला पुसला. त्यावर काही लागले नव्हते.

मग लग्न जाहले. सासरची माणसे वाईट नव्हती. पहिले वर्षी सामने आले तेव्हा सासूबाईंनी "यंदा राहू दे" म्हटले, दुसरे वर्षी पाळणा हलला, तिसरे वर्षी कोणी विचारिलेच नाही. आबासाहेब कैलासवासी जाहले. आणि दर भाऊबीजेस आक्कासाहेब ओवाळून जाहले म्हणजे ताट खाली ठेवीत आणि हसून म्हणत, "साडी नको रे, माझं चित्र आण." सगळे हसत, राजेही हसत आणि साडी देत. ऐशा बेचाळीस साड्या जाहल्या.

शके एकोणीसशे चाळीस. संवत्सराचे नाव विलंबी, त्यास कोण काय करणार. दिगंबरराजे तोवर टपालखात्यात चाकरी करून मोठे संग्राहक म्हणोन नावाजले होते. टपालाची तिकिटे कोमट पाण्यात भिजवून पाकिटावरून अलगद सोडविण्यात त्यांचा हात धरणारा प्रांतात नव्हता. एकोणिसाव्या चित्रासाठी त्यांनी जुने बाजार धुंडिले, चारजणांस पत्रे लिहिली. लोक म्हणत, खो-खोची चित्रे? ऐसे काही निघाले होते काय? मग एके दिवशी परगावी स्कूटर पंक्चर जाहली, आणि इसाकभाई बागवान यांच्या सायकलच्या दुकानी बसणे आले, आणि तेथे बाकावर हिशेबाची एक जुनी वही होती, ती चाळिता राजे एका पानावर थांबले. एकतीस चित्रे ओळीने डकविली होती. बहुतेकांवर तारेचा वण, एकोणिसावे तेवढे साफ.

"इसाकभाई, हे कुठून आणलंत?"

"चाकातून, साहेब. पोरं सायकली दुरुस्तीला टाकायची, तारेत हे अडकवलेलं. फेकवेना. पोरी बघा की कशा पळतायत! हा एकोणीस नंबर सीटखाली सपाट दाबून ठेवला होता कुणीतरी, आवाज कमी करायला. अम्मीनं खळ शिजवून दिली, मी लावत गेलो."

"ही माझी बहीण."

इसाकभाईंनी हातातली ट्यूब खाली ठेविली. "मग पान कापून न्या की. पैशाचं बोलू नका. फक्त ओलं करू नका हां, रंग कच्चा आहे त्याचा."

"अहो, चाळीस वर्षं तिकिटं भिजवतोय मी," राजे म्हणाले.

आता पान जैसे होते तैसे नेते तर सर्व ठीक होते. परंतु राजांच्या मनी मसलत निराळी. पानावर दुसऱ्या पोरी होत्या, वहीच्या रेघा होत्या. पाहणारास कळले असते की हे दुसऱ्या कोणी जपिले. राजांस ते सुटे पाहिजे होते, दोही बाजू दिसतील ऐशा पारदर्शक पाकिटात, म्हणजे सांगता यावे की, आक्का, हे मी तेव्हाच वाचवून ठेविले होते. म्हणोन भाऊबीजेच्या दोन दिवस आधी परातीत कोमट पाणी घेतले आणि पानातून एकोणिसाव्यापुरता कापून आणिलेला तुकडा आत सोडिला. खळ सुटली. कागद अलगद वेगळा जाहला. राजांचा हात खरोखरच चांगला. मग पाणी आधी गुलाबी जाहले आणि मग निळे जाहले, आणि राजांनी चिमट्याने उचलिले तेव्हा पुढली बाजू पांढरी होती. मागली काळी अक्षरे तेवढी पक्की निघाली. ती त्यांनी प्रथमच वाचिली, आणि बंबात गेले ते अर्ध्या चड्डीपायी गेले नव्हते, हे त्यांस त्या परातीपाशी उमगले.

भाऊबीजेस ओवाळून जाहले. आक्कासाहेब नेहमीचे वाक्य बोलणार तो राजांनी पाकीट पुढे केले आणि म्हणाले, "आबांनी जाळलं नव्हतं ते. मी दिलं होतं शिरीषला. माझं चाळिसावं पाहिजे होतं." आणि मग सायकलवाल्याचे सांगितले आणि परातीचे सांगितले, आणि काय खोटे बोलणार होते तेही सांगितले.

आक्कासाहेबांनी निरांजन बाजूला सरकविले. "ते चाळिसावं आहे अजून?"

"आहे."

"बरं झालं. कुणाचं तरी पूर्ण झालं."

मग चष्मा लावून मागली बाजू वाचिली, मोठ्याने, शाळेत वाचावे तैसी. "क्रमांक एकोणीस. कुमारी हेमलता. खांबावर सूर मारण्यात तरबेज. आवड, पेरू. म्हणतात, लग्न झाले तरी मी खेळ सोडणार नाही." आणि थांबल्या. "मी म्हटलं होतं असं? म्हटलं असेन. त्या माणसानं पटपट विचारलं, मीही पटपट सांगितलं." आणि त्या ओळीवर बोट ठेवून, "आबांनी वाचलं वाटतं हे."

"वाचलं होतं."

पाकीट उलटे केले. पांढरी बाजू उजेडात धरिली, काही दिसते काय म्हणोन. दिसेना. मग म्हणाल्या, "तू बघितलंयस ना रे? मग सांग की. कशी होते मी?"

राजांनी डोळे मिटले. "खांब डावीकडे आहे. तू आडवी आहेस, हवेत. एकही पाय जमिनीला नाही. खांबाच्या पलीकडं दुसऱ्या संघाची पोरगी वळतेय, तिची फक्त पाठ दिसते आणि वेणी. तुझा उजवा हात तिच्या पाठीकडं. पोचला नाहीये. चार बोटं राहिलीत मध्ये."

"चार?"

"चार. नीट बघितलंय मी ह्या वेळी."

आक्कासाहेब खुर्चीत पुढे सरकल्या. वर्षापूर्वी बदललेला गुडघा त्यांनी हाताने सरळ केला. "पोचला होता," त्या म्हणाल्या. "फोटो काढल्यावर पोचला. पंचांची शिट्टी झाली, मी तोंडावर पडले, माती गेली तोंडात. गेली होती ती पोरगी. बाद."

हकीकत ऐसी. बत्तीस निघाली, एक कोणास कधी मिळालेच नाही, एक पांढरे जाहले, तीस सायकलच्या दुकानी वहीत आहेत. पाहू म्हटल्यास इसाकभाई दाखवितात, पाहू म्हणत कोणी नाही. ज्यास बुद्धी होईल त्याने हात कोरडे करून जावे. लेखनसीमा.