बायकोचा पट्टा आणि माझी मान

नागरिकत्वाच्या मुलाखतीला जाताना बायकोचा मानेचा पट्टा गळ्यात अडकवायचा, हे मी त्या दिवशी सकाळी दाढी करता करता ठरवलं. माझ्या मानेला काहीही झालेलं नव्हतं. गादी उलटताना स्नेझानाची मान लचकली होती, तेव्हाचा तो पट्टा. गेली काही वर्षं कपाटात लोणच्याच्या बरण्यांमागे सुखानं पडून होता. त्याला तिथेच राहू द्यायला हवं होतं.

पण माझी अडचण समजून घ्या. आम्ही बल्गेरियन माणसं 'हो' म्हणताना मान आडवी हलवतो आणि 'नाही' म्हणताना वर-खाली. गावाकडे यानं कुणाचं काही अडत नाही. शिकागोत पदोपदी अडतं. त्यात मुलाखतीला आधी शपथ देतात आणि मग विचारतात, कधी तुरुंगात गेला होतात का, कधी कम्युनिस्ट पक्षात होतात का. तोंडानं 'नाही' म्हणायचं आणि मानेनं जोरजोरात होकार द्यायचा, म्हणजे आटोपलंच.

म्हणून स्नेझानानं महिनाभर माझी शिकवणी घेतली. जेवताना ती घेवड्याच्या सूपचं पातेलं घेऊन माझ्या डोक्यावर उभी राहायची. "अजून हवंय?" मी सवयीनं मान वर-खाली केली (म्हणजे 'नको') की ती अमेरिकन हिशेबानं वाडग्यात आणखी एक डाव ओतायची. "तूच हो म्हणालास ना, झिव्को? आता गीळ." महिनाअखेरीस माझं पोट सुटलं आणि मान कुठल्याच देशाची राहिली नाही. कधी इकडची चालायची, कधी तिकडची, आणि मला आधी काही कळवायची नाही.

एवढा खटाटोप बाबांसाठी होता. आई गेल्यापासून बाबा गावात एकटे. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर, खांबावर, बसथांब्यावर चिकटवतात. आमच्या गावात आता माणसं कमी आणि हे कागदच जास्त. बाबा फोनवर त्यांचीच खबर देतात. "काल पेत्रानाचा लागला. थांब्यावर आता फारशी जागा नाही." मी नागरिक झालो तरच त्यांना इकडे बोलावता येणार होतं. याल का, असं विचारलं की म्हणायचे, "आधी तुझं काम होऊ दे, मग विचार. उगाच आशा लावू नकोस." एक दिवस बाबाही जातील आणि त्यांचा कागद चिकटवायलासुद्धा गावात कुणी उरलेलं नसेल, या विचारानं मला झोप लागत नसे.

मुलाखत घेणाऱ्या हॅलोरनबाई पन्नाशीच्या, शांत, नाकाच्या टोकावर चष्मा. शपथ झाली. इतिहासाचे प्रश्न झाले, मी सगळी उत्तरं बरोबर दिली. पट्ट्यात मान जागची हलत नव्हती, आणि मी आपल्या अकलेवर बेहद्द खूश होतो. (मी असा खूश झालो की समजावं, आता काहीतरी होणार.)

"मानेला काय झालं?" बाईंनी सहज विचारलं.

"काही नाही."

"अपघात वगैरे?"

"नाही."

"मग पट्टा कशाला?"

नुकतीच शपथ घेतलेली, त्यामुळे खोटं बोलायची सोय नव्हती. आणि खरं कुठून सुरू करायचं ते सुचेना.

"पट्टा बायकोचा आहे," मी म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "ती मारते का तुम्हाला?"

"नाही हो. फक्त जास्त वाढते."

"बळजबरीनं?"

"मी मान हलवली की."

बाईंनी काहीतरी लिहिलं. मग मात्र मी घाम पुसत सगळी हकीकत सांगितली. "माझी मान उलटं बोलते, बाई. तुम्ही तिचं ऐकू नका."

"पट्टा काढा," त्या म्हणाल्या. "आता विचारते."

पट्टा निघाला. "कम्युनिस्ट पक्षात होतात?"

"नाही," मी म्हणालो, आणि मानेनं ठासून होकार दिला.

"दारूचं व्यसन?"

"नाही." इथे मानेला नेमकी शिकवणी आठवली आणि ती आडवी हलली. म्हणजे बाईंच्या समोर आता एक निर्व्यसनी कम्युनिस्ट बसला होता.

"या देशाच्या राज्यघटनेशी एकनिष्ठ राहाल?"

"हो," मी म्हणालो. मान नुसतीच गोल फिरली.

"आज निर्णय देता येणार नाही," हॅलोरनबाई चष्मा काढत म्हणाल्या. "पत्रानं कळवू."

बाहेर गाडीत स्नेझाना बनित्साचा, आमच्या चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पावाचा, डबा उघडून वाट पाहत होती. मी झालेलं सांगितलं. वाटलं, आता आग पाखडणार. तिनं मुकाट्यानं डब्याचं झाकण लावलं, आणि ते मला जास्त लागलं.

पुढचे महिने फार वाईट गेले. बाबांनी मुलाखतीबद्दल विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एकदा म्हणाले, "त्सानोचा लागला."

"मग थांबा भरला असेल."

"माझ्यापुरती जागा आहे," बाबा म्हणाले.

आणि मग, सगळी आशा सोडल्यावर, मंजुरी आली. हॅलोरनबाईंनी शेवटी माझ्या तोंडावर विश्वास ठेवला होता. शपथविधी झाला त्याच दिवशी आम्ही बाबांना व्हिडिओवर फोन लावला.

"बाबा, काम झालं," मी म्हणालो. "आता विचारतो. याल का आमच्याकडे?"

बाबांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मग त्यांनी सावकाश मान हलवली, आडवी, इकडून तिकडे.

म्हणजे नाही. पण मुलानं समजून घ्यायला हवं. मी घसा साफ केला. "कळलं, बाबा. या वयात गाव सुटत नाही. आईची कबर तिथे, द्राक्षाचा मांडव तिथे. मी आग्रह करणार नाही. तुम्ही तिथेच सुखानं राहा." असं बरंच बोललो.

बाबांची मान थांबली होती. "बरं," ते खाली बघत म्हणाले. "मग कोंबड्या परत मागायला हव्यात. तुझी मुलाखत झाली त्याच आठवड्यात देऊन टाकल्या होत्या."

"अरे गाढवा," मागून स्नेझाना म्हणाली, "ते हो म्हणतायत."

मी पडद्याजवळ तोंड नेऊन नुसतं "या, बाबा, या" म्हणत राहिलो. बाबांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि मला नीट न्याहाळलं. "सूनबाई," ते म्हणाले, "याचं डोकं तिकडे गेल्यापासून असंच आहे का?"

स्नेझाना कपाटाशी गेली होती. बरण्या सरकवल्याचा आवाज आला. ती परतली, काही न बोलता तिनं पट्टा माझ्या गळ्यात घातला आणि मागून आवळला.

बाबांनी तो पाहिला आणि समाधानानं पुन्हा मान आडवी हलवली. या वेळी मला अर्थ बरोबर कळला.