अमावस्येला थांबलेला ट्रेलर

एक सांगून ठेवतो, मापाबाहेरच्या नि वजनाबाहेरच्या गाडीचा परवाना परभणीत माझ्याइतका चोख कोणी काढत नाही! हत्तीला गाडीत बसवून न्यायचं म्हणा, सोंडेची लांबी वेगळ्या रकान्यात भरून कागद हातात देईन. पंधरा वर्षांत माझी एकही गाडी कागदाविना वीतभर हललेली नाही. (हे वाक्य पूर्वी मी मोठ्यानं म्हणायचो. आता जरा हळू म्हणतो.)

तर पालमच्या अंगाला, वीज उपकेंद्रासाठी एक ट्रान्सफॉर्मर न्यायचा होता. ट्रेलर म्हणजे गावजेवणाची अख्खी पंगत उठून चालू लागावी, एवढा लांब! परवाना तीन दिवसांचा, तिसऱ्या रात्री बारापर्यंत. वाट जेमतेम अडीच दिवसांची. मी निवांत!

तिसऱ्या दिवशी दुपारी ड्रायव्हर मल्हारचा फोन.

"भाऊ, गाडी थांबिवली."

"पंक्चर?"

"न्हाई. अमावस्या."

"गाडीला कसली रे अमावस्या?"

"हितं ईश्वरअप्पा म्हणून म्हातारं हाय. काठी आडवी धरून रस्त्यात हुबं राहिलं. म्हणलं, आमी अमावस्येला बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाई, अन् तू एवढं धूड वढायलास? मला बी पटलं, भाऊ. माझ्या बापानं कधी अमावस्येला औत जुंपलं न्हाई."

मी ओरडलो, विनवण्या केल्या, शेवटी पंचांगालाच शिव्या घातल्या. मल्हार ढिम्म! रात्री बाराला परवाना संपला.

आणि पहाटे ईश्वरअप्पा गेले.

मी पोचलो तेव्हा गाव जमलेलं. गावातली गल्ली जिथं रस्त्याला मिळते, तिथंच समोर कालव्यावरचा पूल. पुलापलीकडं लिंगायतांची रुद्रभूमी. आणि गल्ली नि पूल यांच्या मधोमध, पोत्याचं तोंड शिवावं तसा, आमचा ट्रेलर! वळसा घालावा, तर पलीकडची चाकं थेट कालव्याच्या काठाला टेकलेली. मुंगीला वाट नाही.

मयत आडवं असतं तर ट्रेलरखालून सरकवता आलं असतं, असा हिशेब माझ्या मनात येऊन गेला. नाही म्हणत नाही. पण लिंगायतांत माणूस सजवलेल्या विमानात, म्हणजे पालखीवजा मखरात, बसवून नेतात, आणि बसवूनच माती देतात.

अप्पांचा मुलगा शिवप्रकाश हात जोडून म्हणाला, "एजंटसाहेब, दहा हात पुढं घ्या गाडी. दिवस मावळायच्या आत अप्पांला माती द्यायची हाय."

मी परवान्याच्या ऑफिसला फोन लावला.

"मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन करा," पलीकडून आवाज आला.

"केलाय हो! साइट नुसती फिरतेय. दहाच हात हलवायचीय, मयत खोळंबलंय!"

"उभी आहे तोवर गुन्हा नाही. हलली, की विनापरवाना."

मल्हारनं किल्ली मुठीत आवळली. "माझं लायसन जाईल, भाऊ."

"नियमच आहे तसा," मी म्हणालो. त्यावर माणसांनी मला असं खालीवर न्याहाळलं, की खणलेला खड्डा दोघांना पुरेल का, याचं माप घेत असावीत!

चार वाजले. पाच वाजले. साइट फिरतेच आहे. मल्हार चाकाला टेकून रडायला लागला. तेव्हा अप्पांची बायको, चन्नबसम्मा, उठली.

"रडू नकू लेकरा. त्यांनीच थांबिवली, त्यांलाच वरून जाऊ दे. गाडी हलायची न्हाई ना? मग मानसं हलू द्या!"

ट्रान्सफॉर्मरच्या मागं ट्रेलरचा सपाट भाग कमरेएवढाच उंच होता. चौघांनी विमान उचलून त्यावर ठेवलं. मीही हात लावला. मग चौघं पलीकडं पुलाच्या तोंडाशी उतरले आणि त्यांनी खालून हात वर केले. त्या घटकेला ट्रेलरवर एकटे अप्पा! पांढरा फेटा, कपाळभर भस्म, गळ्यात हार.

नेमकी तेव्हाच तपासणी पथकाची जीप आली.

"ओ आजोबा! मालाच्या गाडीवर काय बसलाय? उतरा आधी!"

अप्पा गप्प.

"ऐकू येत नाही का?" साहेबांनी फोटो काढला, मशीनमध्ये चढवलाही.

"साहेब," चन्नबसम्मा म्हणाली, "साठ वरसं झाली, त्यांनी माझं बी कधी ऐकलं न्हाई."

साहेबांनी हार पाहिले. टोपी काढली. आणि विमान उतरवायला स्वतः खांदा दिला. सूर्य बोटभर उरला असताना अप्पांना माती मिळाली.

मशीनमधली नोंद मात्र पुसता येईना. 'मालवाहू वाहनावर प्रवासी: एक, बसलेला.' लेखी खुलासा माझ्याकडून मागवला. मी लिहिलं, 'सदर प्रवासी त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी उतरले असून पुन्हा कोणत्याही वाहनावर चढणार नाहीत, अशी हमी देतो.'

पंधरा वर्षांत शेकड्यानं हम्या लिहून दिल्या. पाळली जाईल अशी खात्री असलेली ही पहिलीच!