निळीचं माहेर

आमच्याकडे विकलेली गाडी दर दिवाळीला माहेरी जाते. म्हणजे ज्या घरानं तिला पहिल्यांदा आणलं, त्या घरी. भाऊबीजेला ती आपली आपण निघते, दोन दिवस राहते आणि परत येते. अडवली तर वर्षभर चालू होत नाही. म्हणून जुनी गाडी घेताना शहाणा माणूस इंजिन नंतर बघतो, आधी माहेर बघतो.

कराडला जुन्या गाड्या विकणाऱ्या रज्जाकभाईंनी आम्हाला दोन गाड्या दाखवल्या, एक पांढरी आणि एक निळी.

"पांढरीचं माहेर विट्याला," ते म्हणाले. "माणसं लाखात एक. गाडी धुऊन, टाकी भरून, फराळाचा डबा देऊन पाठवतात."

माझी बायको विजयमाला तिथंच भाळली. निळीचं एक दार दोरीनं बांधलेलं होतं आणि चालू करताना ती चांगलीच खोकली.

"हिचं माहेर उंबरजे," रज्जाकभाई जरा घुटमळत म्हणाले.

"अहो, उंबरजे धरणात गेलं की!" विजयमाला म्हणाली. "ही जाणार कुठं?"

"जाते, वहिनी. दर वर्षी जाते. पुसायला तेवढं फडकं जवळ ठेवा."

झालं! इतका वेळ पांढरीत ऐसपैस बसलेली माझी आई उतरली आणि निळीत जाऊन बसली. उंबरजे तिचंही माहेर. धरण भरल्यापासून दर दिवाळीला ती पिशवी भरायची, दारात बसायची आणि संध्याकाळी पिशवी परत रिकामी करायची.

"आई, हिचं इंजिन गेलंय."

"माझं गुडघंबी गेल्यात. मला टाकलंस का?"

निळी घेतली. विजयमाला दिवाळीपर्यंत धुमसत होती.

भाऊबीजेला दिवेलागणीच्या वेळी आम्ही निळीतून धरणावर पोचलो. गाडीबरोबर फक्त माहेरवाशिणीनं जायचं, सासरच्यांनी काठावर थांबायचं, अशी रीत आहे. आई मांडीवर पिशवी घेऊन मागं बसली. निळी थांबली नाही, खोकली नाही, सरळ पाण्यात शिरली. तिच्या दिव्यांचा उजेड खाली खाली गेला, एका ठिकाणी वळला आणि थांबला. मग पाण्याखाली एक पणती लागली. शेजारी दुसरी लागली. बघता बघता अख्खी आळी उजळली, देवळाची दीपमाळसुद्धा. विजयमालानं डोक्यावर पदर घेतला.

"अगं बाई," एवढंच ती म्हणाली.

दोन दिवसांनी निळी वर आली. आईचे केस तेल लावून चापून विंचरलेले, ओटी भरलेली, लुगडं कोरडं. उतरली ती माझ्यावरच खेकसली.

"दादा लई रागावला. म्हणाला, भाच्याला काठावर का उभं केलंस? फुडल्या वर्षी समद्यांना घेऊन ये."

हा मामा मी पाळण्यात असतानाच वारला होता. मी डिकी उघडली. आत फराळाचा डबा होता आणि चकल्या अजून गरम होत्या. विजयमालानं एक चकली खाल्ली आणि माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"द्या इकडं," ती म्हणाली. "मी पुसते तिला."