हात मोकळा ठेवू नका

भिमाजीबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्याचे किस्से सांगून लोकांना पुष्कळ हसवलं, पण शेवटचा तेवढा गाळत आलो.

भिमाजी आमच्या नगरच्या डेपोत कंडक्टर होता. दिसेल ते मोजायचं आणि त्यातून मटक्याचा आकडा काढायचा, ही त्याची खोड. एकदा पारनेरच्या गाडीत एक म्हातारी टोपली घेऊन चढली.

"आजी, कोंबड्या किती?"

"तीन. त्यांचं बी तिकीट फाडतो का काय, मुडद्या?"

"न्हाई आजी. तिर्री लावतो."

दुसऱ्या दिवशी म्हातारीनेच विचारलं, "काय आलं रं?"

"पंजा."

"मग टोपलीत दोन अंडी हुती, ती कुनी मोजायची?"

ड्युट्या मी लावायचो. भिमाजीला पारनेरची: सकाळी एक फेरी, संध्याकाळी दुसरी. मधली दुपार रिकामी, आणि मटक्याची टपरी स्टँडच्या मागेच. संगमनेरची सलग ड्युटी मिळाली की दिवसभर तिकिटं फाडण्यात तो आकडा विसरायचा. म्हणून रोज माझ्या टेबलापाशी यायचा. "सायब, संगमनेर द्या. माजा हात मोकळा ठिवू नका. त्यो खिशात जातो, अन् तिथनं टपरीवर." मी म्हणायचो, "इथं ड्युटी मिळते, औषध नाही." मग तो दुपारी आमचे माठ भरायचा, माझ्या कागदांना टाचण्या लावायचा. ते संपलं की टपरी. संगमनेर मी पेरू आणून देणाऱ्यांसाठी राखून ठेवली होती.

दुष्काळाच्या साली त्याने गाडीच्या तिकिटांचे जमलेले पैसे आकड्यावर लावले आणि पकडला गेला. चौकशीत म्हणाला, "दुपार मोकळी नको, आसं सायबांना लई येळा सांगितलं हुतं." अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला काही आठवत नाही," मी म्हणालो. भिमाजी खिडकीचे गज मोजत राहिला. त्याची नोकरी गेली.

निवृत्तीनंतर माफी मागायला मी पारनेरला त्याच्या घरी गेलो. ओट्यावर नवरा-बायको शेंगा फोडत बसले होते. त्याने सूप माझ्यापुढे सरकवलं. "बसा सायब. हात मोकळा ठिवू नका."

"आणि आकडा?"

"सुटला. आता ड्युटी ही लावती." त्याने बायकोकडे पाहिलं. "दुपार म्हणून मोकळी सोडत न्हाई."

उन्हं कलेपर्यंत मी शेंगा फोडल्या. मग तो मला स्टँडवर सोडायला आला, खिडकीची जागा धरून दिली आणि कंडक्टरला म्हणाला, "आमच्या डेपोचं सायब हायेत. नीट उतरव."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात घंटी वाजली. मी नुसता हात हलवला.