चार चाकं आणि एक पांढरा कोट

काकूंनी भर जेवणात कौतुक केलं, तेव्हाच नानांना संशय यायला हवा होता.

"एकदा सांगितलेलं लक्षात ठेवून आणलंत हो! आणि काय सुरेख आणलंत!" असं म्हणत काकूंनी त्यांच्या पानात न मागता भाजी वाढली. आपण नेमकं काय आणलं हे नानांना आठवेना. पण लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला कौतुकाची चौकशी करू नये एवढं कळतं. ते मान डोलावून जेवत राहिले.

नाना पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळा जीव छोट्या गाड्यांत ओतला होता. हातभर नव्हे, मुठीत मावतील अशा गाड्या. लाकडी ट्रॅकला खाच असते, त्या खाचेत गाडीची जीभ बसते आणि विजेवर गाडी सुसाट सुटते. घराच्या पुढच्या खोलीत काकूंचं शिवणकाम चाले, मागच्या खोलीत नानांचा ट्रॅक. दोन्ही देशांची सरहद्द म्हणजे मधला पडदा.

आज संध्याकाळी मेजर येणार होते. मेजर म्हणजे विमा कंपनीतले निवृत्त हिशेबनीस. मिशांमुळे हे नाव पडलं होतं. जुनी चाकं ओळखण्यात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. नानांकडे अ‍ॅल्युमिनियमची चार जुनी चाकं होती आणि ती एका कधीच बंद पडलेल्या कारखान्याची अस्सल चाकं आहेत असा नानांचा दावा होता. मेजर ती हातात न घेताच "औषधाच्या बाटल्यांची बुचं" म्हणत. गाड्यांच्या छंदमंडळातले सगळे हसत. अखेर आज हातात घेऊन, भिंग लावून निकाल द्यायला ते राजी झाले होते. त्यासाठी नानांनी सकाळीच टायर उतरवून चाकं साबणाच्या पाण्यात धुतली आणि उजेड चांगला म्हणून सरहद्द ओलांडून काकूंच्या शिलाई मशीनवर टायरांसकट वाळत ठेवली.

जेवण झाल्यावर ते चाकं आणायला गेले. मशीनवर कागद होता, चाकं नव्हती.

"अगं, इथलं सामान कुठंय?"

"कुठलं? बटणं? लावली की! दातांच्या डॉक्टरीणबाईंचा कोट अडला होता ना त्यांच्यावाचून. मघाशीच घेऊन गेल्या. कसल्या खूश झाल्या म्हणून सांगू!"

नाना खुर्चीवर बसले. हळूहळू त्यांना आठवलं. कोटाच्या बाह्यांना लावायला चकचकीत बटणं आणा, असं काकूंनी काल सांगितलं होतं. शिवाय बॉबिन भरायच्या चकलीची रबरी रिंगही आणायची होती. ते दोन्ही विसरले होते. मधल्या भोकाभोवती चार बारीक भोकं असलेली चार चकचकीत गोल चाकं आणि शेजारी रबराच्या कड्या बघून काकूंनी नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा शंभरपैकी शंभर दिले होते.

"ती चाकं होती!" नाना ओरडले.

काकूंनी दोरा तोडला. "चाकं? भोकं कशाला मग त्याला?"

"शोभेची असतात! आत्ताच्या आत्ता परत आण."

"आणि काय सांगू त्यांना? तुमच्या कोटाला खेळण्याची चाकं लावली म्हणून? अहो, आख्ख्या दवाखान्याचे कोट माझ्याकडे येणारेत. खबरदार त्यांच्यापाशी चकार शब्द काढलात तर!"

झालं. मागायची सोय नाही आणि मेजर तर येणार. नानांनी खरीखुरी बटणं विकत घेतली, खिशात टाकली आणि गालाला हात लावून दवाखान्यात शिरले. कोट खुंटीवर असेल, बाई आत-बाहेर करतील, तेवढ्यात कात्री चालवू, असा बेत होता. कोट बाईंच्या अंगावर होता.

"कुठली दाढ?"

"ही," नाना म्हणाले आणि बोट जाईल ती दाखवली.

खुर्ची मागे झुकली, तोंड उघडलं गेलं, डोक्यावरचा दिवा पेटला. आणि बाईंचा हात नाकासमोर आला. मनगटावर दोन चाकं! त्या दिव्यात ती अशी उजळली, की नानांना घरच्या खिडकीच्या उजेडात कधी न दिसलेलं दिसलं. लेथवर कातल्याच्या केसाएवढ्या बारीक गोल रेघा आणि कडेला नाजूक पायरी. अस्सल! त्यांनी आनंदाने "आऽऽ!" केलं आणि बाईंचं मनगट गच्च धरलं.

"अरे बापरे, इतकं दुखतंय?" बाई म्हणाल्या. "ही दाढ तर ठणठणीत आहे. शेजारची किडलीय, तिचं असणार. थांबा, बधिर करते."

नानांनी मान जोरजोरात हलवली. घाबरलेले रोगी अशीच मान हलवतात हे बाईंना ठाऊक होतं. सुई टोचली गेली.

इकडे मेजर वेळेआधीच घरी उगवले. काकूंना काही सुचेना. "ह्यांची दाढ धरलीय हो, दवाखान्यात गेलेत," असं सांगून त्यांनी त्यांना वाटेला लावलं. पण मेजर मनाने हळवे होते. निकालाच्या धास्तीनेच बिचाऱ्याची दाढ दुखली असेल, असं वाटून ते थेट दवाखान्यात धडकले. पाहतात तो नाना खुर्चीत आडवे आणि डॉक्टरीणबाईंचा हात त्यांनी दोन्ही हातांनी पकडलेला.

"नाना! सोडा त्यांना!"

"हाहा! हाहा!" नाना म्हणाले. त्यांना "पाहा" म्हणायचं होतं, पण अर्धा जबडा झोपला होता. ते बाईंच्या बाहीकडे बोट नाचवू लागले.

मेजरांनी पाहिलं. मग वाकून पाहिलं. मग खिशातून भिंग काढलं. "बाई, हात जरा असाच दिव्याखाली धराल?"

"अहो, रोगी कोण आहे इथे?"

"एक मिनिट. हं… कातलेली आहेत. ओतीव असती तर जोडाची रेघ दिसली असती. कडेला पायरी आहे. वजनाला…" मेजरांनी बाईंचा हात तराजूसारखा खालीवर केला. "वजन इथे नाही कळायचं. नाना, टायर कुठायत? टायर पाहिल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

"हिलाई हहीन!"

"काय?"

"शिलाई मशीन म्हणतायत ते," बाई म्हणाल्या. बधिर माणसांची भाषा त्यांना रोजच्या सवयीने समजत होती. "आता मला कुणीतरी नीट सांगा, माझ्या बाहीला नक्की काय आहे?"

सांगावंच लागलं. मेजरांनी सांगितलं, नानांनी मान डोलावली. बाई इतक्या हसल्या की बाहेर बसलेला रोगी दार उघडून डोकावून गेला. "दुपारपासून जो येतो तो बटणं कुठली विचारतोय! चला, मलाही निकाल ऐकायचाय."

दारात तिघांना पाहून काकूंचा चेहरा पडला. पण बाईंनी आल्याआल्या त्यांचा हात धरला. "काकू, गाडीची चाकं लावून कोट शिवणाऱ्या तुम्ही एकट्याच. सगळे कोट तुमच्याकडेच!" तेव्हा कुठे काकूंचा जीव भांड्यात पडला आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

मेजर शिलाई मशीनपुढे गुडघे टेकून बसले. काकूंनी रिंग म्हणून बॉबिनच्या चकलीवर चढवलेला टायर त्यांनी सोडवला, चिमटीत दाबला, डोळे मिटून हुंगला. "जुनं रबर. कडा तपकिरी पडलीय, चकाकी नाही." उभं राहून त्यांनी मिशा सावरल्या. "नाना, अस्सल आहेत. मी चुकलो. रविवारी मंडळात सगळ्यांसमोर बोलून दाखवीन."

नानांचे डोळे भरून आले.

"पण माझी याहून सरस आहेत," मेजर लगेच म्हणाले आणि कोटाच्या आतल्या खिशातून मखमली पिशवी काढली. तुलनेसाठी त्यांनी स्वतःची चाकं आणली होती. ती त्यांनी मशीनच्या दिव्याखाली मांडली आणि बाईंना शिकवू लागले, "हे बघा, याला म्हणायचं चाक. ही कडेची पायरी, ह्या कातलेल्या…"

"आणि ही रेघ कसली?" बाईंनी विचारलं.

मेजरांनी भिंग लावलं. भिंग पुसलं आणि पुन्हा लावलं. दुसरं चाक उचललं, तिसरं उचललं.

काकू चहाचे कप घेऊन बाहेर आल्या, तेव्हा त्यांनी चारही चाकं त्यांच्या बाजूला सरकवली. "काकू," ते खोल आवाजात म्हणाले, "बाईंच्या कोटाला बटणं लागतील ना? ही लावा. छान दिसतील."

या क्षणासाठी नानांनी कैक वर्षं त्या बुचांचा बदला घेणारं एक झणझणीत वाक्य घोटून ठेवलं होतं. ते पुढे झाले, छाती काढली आणि तोंड उघडलं. "हेहर, ही हर हाहल्यांही हुहं!" एवढंच बाहेर आलं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेचा थेंब ओघळला.

"अगदी बरोबर बोललात, नाना," मेजर म्हणाले आणि त्यांनी मुकाट्याने चहाचा कप उचलला.