आतडेप्रांतीच्या लोकांनी मस्तकगड नमविला त्याची हकीकत

श्री उदरनारायण प्रसन्न. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, पौष वद्य तृतीया. ते समयी जे घडले ते जैसे कानी आले तैसे लिहिले. लिहा म्हणोन आज्ञा कोणी केली नव्हती. पृथ्वीचे पाठीवर राज्ये बहुत झाली आणि बहुत बुडाली, परंतु या राज्यासारिखे प्रचंड, अजिंक्य आणि स्वयंभू राज्य पूर्वी झाले नाही आणि पुढे होणे नाही. राज्याची लांबी टाळूपासोन टाचेपावेतो साडेपाच फूट, डाव्या गुडघ्यास वात, आणि जिना चढता धाप. म्हणजे राज्य हे एका मध्यमवयीन गृहस्थाचा देह होय. गृहस्थाचे नाव सांगावयाचे प्रयोजन नाही, त्यांस आधीच पुरेसे झाले आहे.

मस्तकगडी खासे महाराज विराजमान असत, आणि त्यांचे मनी ऐसे की सारे राज्य आपलेच हुकुमे चालते. गडाखाली मुखदरवाजा, त्याखाली जठरीचा मुदपाकखाना, तेथे आम्लाची कढई अष्टौप्रहर चढलेली, आणि मग वीस फुटांचा वळणावळणाचा मुलूख, तेथील कारभारी विसाजीपंत लहानआतडे. पंतांनी अन्नातील साखर, स्निग्ध आणि सत्त्व वेगळे करावे आणि रक्तमार्गे गावोगावी पोचवावे ऐसी व्यवस्था. पंत मोठे हुशार, परंतु साल, कोंडा, देठ आणि चोथा यांचे कोडे त्यांस जन्मात उलगडले नाही. मग ते “हा कचरा” म्हणोन पुढे लोटीत आणि हात झटकीत. पुढे मोठे आतडे लागे. तेथे उजेड नाही, वारा नाही, आणि वस्ती मात्र अब्जावधी जीवाणूंची, त्यांचे सरदार गोंदजी नाईक. या लोकांचा रिवाज ऐसा की, पंतांनी टाकिलेला चोथा आंबवावा, आपली पोटे भरावी, आणि त्यातून जो तुपाच्या वासाचा रस निघे तो प्रांताच्या भिंतीस पाजावा. भिंत त्या रसावरच जगे. जखमेचे रक्त थांबण्यास ‘के’ नामक जे जीवनसत्त्व लागते तेही हे लोक थोडेबहुत करोन देत, आणि कोणी आभार मानीत नसे. भिंतीची राखण चिमाबाई अस्तरकर यांजकडे, किंबहुना बाई म्हणजेच भिंत. भिंतीवर बुळबुळीत लेप असे, आणि लोकांनी लेपास हात लावू नये, बाईंनी लोकांस ऊब द्यावी, इतकाच उभयतांचा करार. कागद झाला नव्हता, परंतु मोडलाही नव्हता.

तो महाराजांनी मोबाईलवर कोणा एका साधुपुरुषाचे भाषण ऐकिले की देह शुद्ध करा, आणि शुद्धीचे वेड गडावर चढले. महाराजांनी पंतांस पुसिले, “पंत, राज्यात अशुद्ध ते काय?” पंत हात जोडोन बोलिले, “महाराज, जे आम्हांस पचत नाही ते अशुद्ध. खालचे रानटी त्यावर माजले आहेत. रसद तोडिली म्हणजे आपोआप निघोन जातील.” मसलत मर्जीस आली. मग पीठ तीन वेळा चाळिले आणि चाळणीत राहिले ते टाकिले, आणि डाळी सोलिल्या, आणि पेरू बियांविना कापिला, आणि भाकरी जाऊन पांढरा पाव आला, आणि महाराज आरशात पाहोन म्हणाले, “हलके वाटते.”

आतडेप्रांती उपासमार सुरू जाहली. तीन दिवस लोकांनी कळ काढिली, चौथे दिवशी काहींनी लेप खरवडोन खाल्ला. चिमाबाई कंबर खोचोन नाइकांपाशी आल्या.

“काय हो नाईक, माझ्या अंगावरचे ओरबाडिता? लाज कोठे ठेविली?”

“बाई, लाज आहे, अन्न नाही. लेकरे उपाशी आहेत.”

“लेकरांचे नाव मला सांगू नका! सकाळी जन्मला तो सांजेस पणजोबा होतो तुमच्यात.”

“म्हणोनच घाई आहे, बाई. सांजेपावेतो एक सबंध वंश उपाशी जातो.”

बाईंना हसू आले, ते त्यांनी आवरिले आणि म्हणाल्या, “लेप गेला तर भिंत उघडी पडेल, आणि भिंत फुटली तर तुम्ही आत, आणि मग राज्यही नाही आणि तुम्हीही नाही. वर का सांगत नाही?”

तेव्हा नाइकांनी मज्जातंतूच्या वाटेने मस्तकगडास निरोप धाडिला तो ऐसा: “आम्ही निघोन जावे म्हणता, तर जागा कोणाची ते आधी ठरवा. राज्य जन्मले ते दिवशी आम्ही आलो. तुमचे दात मागाहोन आले, आणि त्यातील चार गेलेही. केस आले, तेही गेले. आम्ही आहो. पंत वीस फुटांत जे करू न शकले ते आम्ही पाच फुटांत करितो. आम्ही जात नाही. काय करणे ते करावे.”

निरोप वर पोचला तो पोटदुखी म्हणोन पोचला. महाराज कडाडले, “रानटी लोक हुजुरास उत्तर करितात!” आणि वैद्यास न पुसता मेजाचा खण उघडिला. त्यात मागे दाढेच्या दुखण्यास आणिलेल्या आणि बरे वाटताच अर्ध्यावर सोडिलेल्या जंतुनाशक गोळ्या पाच होत्या. दुखणे दाढेचे, रोग पोटाचा, आणि औषध उरलेले. परंतु फुकट जाऊ नये हा या राज्याचा जुना बाणा. मग गोळ्यांची फौज उतरली. तिला शत्रू ओळखावयाची सवय नव्हती, भेटेल तो कापावा इतकेच ठावे. एके दिवसात प्रांत ओस पडला. नाईक निवडक लोकांनिशी हटत हटत पुच्छगडी शिरले. हा गड म्हणजे लहान-मोठ्या आतड्यांच्या सांध्याखाली लोंबणारे करंगळीएवढे आंत्रपुच्छ. दरबारी दफ्तरात याजपुढे ‘निरुपयोगी’ ऐसा शेरा होता, सबब तिकडे कोणी फिरकले नाही. नाईक तटावरोन ओरडले, “या की! दफ्तर पाहोन या!”

मस्तकगडी विजयाची साखर वाटिली. दुसरे दिवशी महाराजांस आतून हाक आली आणि ते धावत दुसऱ्या सिंहासनी जाऊन बसले, आणि त्या दिवसात अकरा वेळा बसले, आणि अकराव्या वेळी तेथूनच राज्य चालवू लागले. तेव्हा चिमाबाईंचे गाऱ्हाणे वर गेले.

“महाराज, मला जेवू कोण घालणार?”

“पंत घालतील.”

पंतांनी चोथा उलटा केला, सुलटा केला, वास घेतला आणि खाली ठेविला. “शास्त्रात याचा उपाय नाही,” म्हणाले.

“बाई, तुम्ही भिंत आमची की त्यांची?” महाराज घुश्शात पुसते झाले.

“भिंत तुमचीच, महाराज. जेवते त्यांच्या हातचे.”

महाराजांस बसण्यास उसंत होती ती विचारात गेली. मग पुच्छगडी सांगोन पाठविले की तह करू. नाइकांचे उत्तर आले, “तह मागाहोन. आधी जेवण.” तेव्हा मुखदरवाजा उघडिला, आणि ज्वारीची भाकरी आली, आणि सालासकट मूग, आणि बियांसकट पेरू, आणि गवार, आणि ताक. पंतांनी नाक मुरडोन चोथा पुढे लोटिला, आणि या खेपेस ‘कचरा’ म्हणाले नाहीत. नाईक गड उतरले आणि लोकांनी आंबवणी मांडिली, आणि पहिला रस भिंतीस पाजिला. भिंत जीव धरू लागली. परंतु हाका मारता चार घराण्यांचा ओ आला नाही. त्यांच्या जागा नाइकांनी मोकळ्या ठेविल्या आणि बाईंनी त्या जागांवर ऊब ठेविली.

तहाचे बैठकीत महाराज म्हणाले, “झाले ते झाले. तुम्ही आमची प्रजा इतके कबूल करा, मग सर्व माफ.”

“माफ आम्ही करावयाचे,” नाईक बोलिले, “आणि प्रजा आम्ही नव्हे. शेजारी आहो. तुम्ही न शिजणारे आणा, आम्ही शिजवू. पुन्हा गोळ्या उतरविणे झाले तर वैद्य सांगेल तेव्हा आणि सांगेल तितक्या. नाही तर पुच्छगड आम्हांस पाठ आहे.”

महाराजांनी मान हलविली. ती होय म्हणोन हलविली की अशक्तपणाने हलली, यावर दरबारात दोन मते आहेत.

एवंच, राज्य एकाचे म्हणविले, शिजविले अनेकांनी. पंत हरले नाहीत, महाराज हरले ऐसे लिहावयाची चाल नाही, आणि नाईक जागचे हलले नाहीत. तहाची कलमे पुरी जाहली, शिक्के जाहले, आणि मग नाइकांनी एक किरकोळ अर्जी तोंडी केली की, गवारीमुळे आता कधीमधी वारा सुटेल, तो चारचौघांत सुटल्यास महाराजांनी शेजारी बसलेल्याकडे पाहू नये.