गावातला एकुलता एक बंडखोर

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेची फौज हरली त्या वसंतात आमच्या जॉर्जियातल्या कॉटनवुड गावाला एक महत्त्वाचा शोध लागला. युद्धाच्या बाजूचं गावात कधी कुणी नव्हतंच.

शोध लावला न्यायाधीश हार्गेट यांनी. तोफा ओतायला धातू उरला नाही म्हणून चर्चची घंटा फौजेला देण्यात आली, तेव्हा सर्वांत तडफदार भाषण त्यांचंच झालं होतं. ते आपण मनाविरुद्ध केलं, असं त्यांनी आता जाहीर केलं. तेव्हा टाळ्याही मनाविरुद्ध वाजल्या होत्या, हे गावाच्या लक्षात आलं.

त्या सभेत एकच माणूस आडवा गेला होता. एझ्रा टॉलिव्हर, पिठाची गिरणी चालवणारा. "तुमचे गुलाम तुमच्याकडे राहावेत म्हणून माझी पोरं का मरू देऊ?" असं तो सर्वांदेखत बोलला. गावाने त्याला चर्चच्या मागे नेऊन समजावलं. समजावण्याच्या ओघात त्याचा पाय मोडण्यात आला. फळ्या बांधून तो सांधला केझियाने. ती तेव्हा हार्गेटांच्या स्वयंपाकघरात गुलाम होती.

मग उत्तरेचा कॅप्टन व्हिटलो राष्ट्राची पुनर्बांधणी करायला आला. दक्षिणेच्या बंडाला आपण कधीही मदत केली नाही, अशी बायबलवर शपथ घेईल तो निष्ठावंत. बाकीच्यांची मालमत्ता जप्त. सगळ्या गावाने शपथ घेतली. शेवटी एझ्रा लंगडत आला.

"तू निष्ठावंत होतास याला पुरावा?" कॅप्टनने विचारलं.

"हा पाय."

"कुणी मोडला?"

एझ्राने मागे वळून पाहिलं. "हे सगळेच होते की."

कॅप्टन बुचकळ्यात पडला. हे सगळे तर नुकतेच निष्ठावंत ठरले होते.

"एझ्रा, अरे, निष्ठावंतांनी मिळून ज्याला बडवला तो कोण असणार, तूच सांग बाबा," हार्गेट मायेने म्हणाले.

केझिया पुढे झाली. "कॅप्टनसाहेब, मी पाहिलंय. काठी आमच्या न्यायाधीशसाहेबांची होती. रक्त मीच धुतलं."

"गोऱ्या माणसाविरुद्ध हिची साक्ष कायद्यात बसत नाही," हार्गेट म्हणाले.

"कुठल्या कायद्यात?" कॅप्टनने विचारलं.

"जुन्याच. नवा होईपर्यंत तोच चालवायचा ठरलंय."

कॅप्टनला हायसं वाटलं.

"मग साहेब, हरलं कोण तेवढं तरी सांगा," केझिया म्हणाली. "सकाळपासून शोधतेय, कुणी सापडेना."

अडचण खरीच होती. माफी द्यायला एखादा बंडखोर नसेल, तर पुनर्बांधणी पूर्ण झाली असं वर कळवणार कसं? एझ्राला बंडखोर ठरवण्यात आलं.

"पण मी केलंय काय?" तो म्हणाला.

"काही नाही केलंस, म्हणून तर माफी सहज मिळतेय," हार्गेट म्हणाले. "घेऊन टाक. गिरणी तरी वाचेल."

एझ्राने माफी घेतली. बाहेर येऊन तो पायरीवर बसला. केझिया त्याच्या शेजारी बसून राहिली. त्या दिवसानंतर ती हार्गेटांच्या स्वयंपाकघरात गेली नाही. गिरणीशेजारी तिने पावाची भट्टी घातली. निष्ठावंत म्हणून हार्गेट सरकारी पोस्टमास्तर झाले.

वर्षं लोटली आणि वारं फिरलं. गावाला नवा शोध लागला, की आपण सगळेच युद्धात शूर होतो आणि ती शपथ मनाविरुद्ध घेतली होती. चौकात दक्षिणेच्या सैनिकाचा संगमरवरी पुतळा आला. अनावरणाला अस्सल बंडखोर हवा होता, आणि सरकारी शिक्क्याचा एकच होता. म्हातारे हार्गेट फुलं घेऊन गिरणीत गेले.

"चर्चच्या मागे कोण कोण होतं ते भाषणात सांगेन," एझ्रा म्हणाला.

"जरूर सांग," हार्गेट म्हणाले. "कुणाचंही नाव विसरू नकोस. नातवंडं अभिमानाने ऐकायला पहिल्या रांगेत बसणार आहेत."

एझ्रा गेला नाही. कार्यक्रम त्याच्यावाचून उत्तम झाला. चौथऱ्यावर शूरांची नावं कोरायचं काम अजून चालू आहे. तुमच्या आजोबांचं राहिलं असेल तर कळवा. ते कोणत्या बाजूला होते, हे आत्ताच सांगायची घाई नाही.